उकळलेलं पाणी

हात धुतले की अक्का ते छातीसमोर वर धरून उभ्या राहायच्या. दार कोपराने ढकलायचं, नाकावर माशी बसली तरी हात लावायचा नाही. "आता हे हात माझे न्हाईत, पेशंटचे हायती," म्हणायच्या.

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात त्या जखमा बांधायच्या; मी कंपौंडर. डॉक्टरांकडून ऐकलेली एक गोष्ट त्या दिसेल त्याला सांगत. पूर्वीचे सर्जन रक्ताने कडक झालेला कोट मिरवायचे. ऑपरेशन नीट व्हायचं आणि पेशंट पू होऊन मरायचा. मग जंतूंचा शोध लागला, एका विलायती डॉक्टरने जखमांना कार्बोलिक हे जंतू मारणारं औषध लावलं आणि माणसं वाचू लागली. "दिसत न्हाईत म्हणून नसत्यात का जंतू?" असं शेवटी मलाच दटावायच्या.

तुम्हाला वाटेल, अशा बाईला गाव मानत असेल. अक्का बौद्ध. त्यांच्याकडून जखम धुऊन घेणारे त्यांच्या हातचं पाणी मात्र पीत नसत. त्या हसायच्या. "माणसापरीस जखम शहाणी हाय," म्हणायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात टँकर चार-चार दिवस येईना. एका दुपारी दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक मजूर बाई आली. हातोड्याखाली दोन बोटं चेचली होती. उकळलेल्या पाण्याचं पिंप तळाला गेलेलं. स्टोव्हवर नवं पाणी उकळायला अर्धा तास लागला असता आणि बाहेर रांग ओरडत होती. मी टँकरचं पाणी तसंच पिंपात ओतलं.

"भाऊ, उकळलेलं हाय ना?" अक्कांनी विचारलं.

"हाय."

त्यांनी त्याच पाण्याने जखम धुतली. चौथ्या दिवशी बोटं काळी पडली आणि डॉक्टरांना ती कापावी लागली.

चौकशीला संचालक आले. हात कुणाचे लागले होते ते आधी बघा, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. अक्कांनी शांतपणे सांगितलं, पाणी कंपौंडरनं भरलं होतं. सगळे माझ्याकडे वळले. खरं बोलायला तेवढा एक क्षण मला मिळाला होता.

"उकळलेलंच होतं," मी दुसऱ्यांदा म्हणालो.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाटल्या पुसू लागलो. संध्याकाळच्या आत त्यांना कामावरून काढलं.

त्या मजूर बाईचं ड्रेसिंग मग माझ्याकडे आलं. दोन बोटं नसलेला हात तिने विश्वासाने माझ्यापुढे ठेवला आणि दाराकडे बघत विचारलं, "त्या अक्का कुठं गेल्या? त्यांचा हात लई हलका होता."