घर तिथेच, मतदारसंघ दुसरा

साल २०२५, जूनचा शेवटचा आठवडा. पहाटे वादळ, दुपारी घाम. निवडणूक नुकतीच होऊन गेलेली. या बेटाएवढ्या देशात, बेडोकमधल्या आमच्या ब्लॉकखाली, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, दगडी टेबलाशी आम्ही तिघं: जहाजांच्या यार्डात तीस वर्षं वेल्डिंग केलेला मी, शेजारचा टॅन, रिटायर्ड बस ड्रायव्हर, आणि पुण्याचा कुलकर्णी, अकाउंटंट. एकाच टेबलाशी वर्षानुवर्षं बसलं की खासदारांचे किस्से शेवाळासारखे चढत जातात. खरवडायला कुणाला वेळ नसतो.

*

सुरुवात पहिल्या साहेबांपासून. मी नवा नागरिक, बायकोचा इथे राहण्याचा पास नामंजूर झालेला. मी चौथी पास, अर्ज काय लिहिणार? दर सोमवारी संध्याकाळी खासदार ब्लॉकखाली बसतात. नंबराची चिठ्ठी घ्यायची, गाऱ्हाणं सांगायचं, ते सरकारी खात्याला पत्र देतात. माझा नंबर शेवटचा. साहेबांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. दोन महिन्यांत बायको आली!

आभार मानायला गेलो.

"आभार मतपेटीत टाका!" साहेब हसले.

"टाकीन," मी म्हणालो. मी कुणाचं देणं अंगावर ठेवत नाही.

*

निवडणूक लागली. मी शर्ट इस्त्री करून ठेवला. उमेदवारी अर्ज भरायच्या दिवशी टॅन आला.

"ब्रदर, शर्ट परत ठेव. समोर कुणीच नाही. बिनविरोध, मतदानच नाही, लाह!"

*

पुढच्या वेळी हद्दीची रेघ हलली. आम्ही शेजारच्या मतदारसंघात गेलो. कुलकर्णीने फोनवर नकाशा दाखवला.

"काका, तुमचं स्वयंपाकघर इकडे, संडास इकडे. फक्त साहेब तिकडे!"

साहेबांचं देणं राहिलं, मला बसवेना. ब्लॉकला फेऱ्या घातल्या.

"पत्र माझ्यासाठी होतं," बायको म्हणाली, "आणि फेऱ्या तुम्ही घालताय!"

*

नव्या मतदारसंघाच्या उमेदवार बाई प्रचाराला दारात आल्या. "अंकल, काही अडचण?"

"आहे. मला दुसऱ्याला मत द्यायचंय."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं!

*

मग रेघ परत आली. शर्ट पुन्हा कपाटातून बाहेर काढला. तेवढ्यात साहेब रिटायर झाले.

"तू आलास, ते गेले!" टॅनने टेबलावर हात आपटला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

*

परवाचा सोमवार. आमची लिफ्ट अडकते, म्हणून मी चिठ्ठी घेतली. नंबर तीन. खुर्ची होती, पण बसवत नव्हतं. मागे पाहिलं. रांगेच्या शेवटी छत्री टेकून एक वाकलेला म्हातारा.

साहेब.

त्यांची पाळी आली तेव्हा चिठ्ठ्यांच्या टेबलाशी बसलेल्या पोरीने त्यांना विचारलं, "अंकल, पहिल्यांदाच आलात?"

"टेबलाच्या या बाजूला, हो," साहेब म्हणाले.

बायको व्हीलचेअरवर आहे, म्हणाले. ब्लॉकच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. चार महिने ती खाली उतरलेली नाही. रॅम्प हवाय, त्यासाठी पत्र हवंय.

पोरीने त्यांना चिठ्ठी दिली. नंबर अठ्ठावन्न.

मी मागे गेलो. माझी चिठ्ठी साहेबांच्या हातात ठेवली, त्यांची घेतली.

आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसलो.