दोन्ही बाजूंचा म्हातारा

फ्रँकफर्टला शनिवारच्या बाजारात दोन म्हातारे इंग्रज समोरासमोर उभे राहून ब्रेक्झिटवर भांडायचे. एकाच्या फलकावर ‘परत युरोपात चला’, दुसऱ्याच्या ‘सुटलो एकदाचे’. मी मूळची पुण्याची. भाजी राहायची बाजूला, मी ऐकत उभी.

एका शनिवारी ‘परत चला’वाला एकटाच दिसला, पण दोन हातांत दोन फलक. डावा उंचावून ओरडायचा, मग टोपी उलटी करून उजवा उंचावायचा आणि स्वतःलाच झापायचा. बटाटेवाला दोन्ही वेळा ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, करत मान डोलवत होता.

‘‘अहो, त्याची बाजू तुम्ही कशाला मांडताय?’’ मी न राहवून विचारलं.

‘‘त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आणि समोर तो असला की ही चर्चा असते. एकटाच ओरडत बसलो तर लोक मला वेडा म्हणतील.’’

एवढं बोलून त्याने पुन्हा टोपी फिरवली.

महिन्याभराने दुसरा कुबडी टेकत हजर झाला. आल्या आल्या त्याने विचारलं, ‘‘मी नसताना कोण जिंकलं?’’

आमच्या म्हाताऱ्याने टोपी सरळ केली, त्याचा फलक त्याच्या हातात ठेवला आणि पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, ‘‘तूच.’’