दोन माणसांचे चार किलो पापड

उन्हं तापली की आमच्या कडाव गावातल्या बायका पोळपाट-लाटणं काखेत मारून निघतात. आज हिच्या घरचे पापड, उद्या तिच्या. मी एकही घर सोडत नाही. यंदा मनगट सुजलं, तर बाम चोळून गेले. बायका म्हणतात, काकी किती मायाळू! मायाळू कसली, डोंबलाची! मला माझ्या घरात दुपार काढवत नाही, एवढंच.

मुलगी सासरी, मुलगा पुण्याला. घरात आम्ही दोघं. आमचे हे रिटायर झाल्यापासून पडवीत पेपर घेऊन बसतात. माणूस वाईट नाही. पण बोलायचं काय, तेच दोघांना सुचत नाही. जेवणाची भांडी घासून झाली की मला आतून भकास वाटायला लागतं, भीतीच वाटते, आणि पाय आपोआप चपलांत जातात.

यंदाचं शेवटचं घर झालं तशी शेजारची सून म्हणाली, "सुटलो बाय एकदाच्या!" उद्या दुपारी जायचं कुठं? तोंडातून निघून गेलं, "माझे राहिले ना गं! उद्या सगळ्या या."

आम्हा दोघांनाही प्रेशर. डॉक्टरांनी पापड बंद करून वर्ष झालं. तरी मी चार किलो पोह्यांचं पीठ तिखट, हिंग, पापडखार घालून मळलं.

बारा जणी आल्या. एकमेकींच्या सासवांची काय नक्कल केली मेल्यांनी! मीही पोट धरून हसले. लवकर संपू नये म्हणून लाट्या मुद्दाम बारीक केल्या. पण पाच वाजता कोणाला म्हशीची धार आठवली, कोणाला नळाचं पाणी. चहा घेतला आणि पडवी रिकामी.

दुपारभर आतल्या खोलीत बसलेले हे बाहेर आले. "एवढे कोन खानार गं?"

"पोरांना पाठवू."

हे माझ्याशेजारी खाली बसले. "तुला माणसंच हवी व्हती, तर मी बी हितंच असतो ना गं रोज."

एवढं हळू हे कधी बोलले नव्हते. मला रडूच आलं. विचारावंसं वाटलं, तुम्हालाही असंच होतं का हो? पण मी मान खाली घालून पापड मोजत राहिले. वाळले की बारा जणींना वाटायचे. रोज एकीकडे गेलं तरी बारा दुपारी निघतील.