बॅगेत जागा आहे

शनिवारी सकाळी नवऱ्याची एक्सेल शीट प्रिंट करून मी खालच्या मजल्यावरच्या हालिनाकडे गेले. ती क्राकुफची, त्यामुळे आमच्या पोलंड ट्रिपचा प्लॅन तिच्याकडून एकदा तपासून घ्यायचा आणि कॉफी पिऊन वर यायचं, एवढंच डोक्यात होतं...

पोलंडच का, हे सगळेच विचारतात. दर डिसेंबरला आम्ही शिकागोजवळच्या शॉमबर्गहून निघून माझं माहेर, नागपूर गाठायचो. या मार्चमध्ये आई गेली. बाबा आधीच गेले होते. आता घराला कुलूप आहे आणि ते कुलूप बघायला इतक्या लांब जायची माझी हिंमत नव्हती.

वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून दिवाळीत आकाशकंदीलही लावला नाही. ईशाने, माझ्या लेकीने, एक दिवस अगदी हळू विचारलं, "आई, आर वी डन विथ फेस्टिव्हल्स?"

तेव्हा मंदार, माझा नवरा, म्हणाला, आपला नाही तर दुसऱ्यांचा सण बघून येऊ. हालिनाच्या किचनमधल्या कॅलेंडरवर क्राकुफच्या चौकाचा बर्फातला फोटो आहे, ईशाला तो भारी आवडतो. शिवाय शिकागोहून थेट विमान. ठरलं!

मंदार पुण्याचा, त्यामुळे त्याच्या प्लॅनमध्ये चूक असूच शकत नाही, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. वॉर्सा, क्राकुफ, व्रोत्सवाफ... प्रत्येक शहराला वेगळा रंग. चोवीस डिसेंबरची संध्याकाळ तेवढी ठळक अक्षरात: क्राकुफचा मोठा चौक, ख्रिसमसचा बाजार, रोषणाई, जेवण बाहेर. सगळी ट्रिप त्या एका संध्याकाळभोवती रचलेली.

हालिनाने ती ओळ वाचली आणि खो खो हसत सुटली. चोवीसला दुपारनंतर तिथं सगळं बंद होतं म्हणे! दुकानं, हॉटेलं, बाजार... जो तो आपापल्या घरी. म्हणजे जणू ऐन नरकचतुर्दशीच्या पहाटे, सगळे उटणं लावून बसलेले असताना, आम्ही रस्त्यावर चकल्या शोधत फिरणार होतो.

माझा चेहरा पडला. ईशाला कबूल केलेली तीच तर संध्याकाळ होती. आता हॉटेलच्या खोलीत बसून सोबत नेलेले थेपले खायचे की काय, असा विचार करत मी उठले.

आणि दारात आपण सवयीने विचारतो, ते तोंडून निघून गेलं. "तुझ्या घरी काही पाठवायचंय का गं? बॅगेत जागा आहे."

इंडियाला जाताना हा प्रश्न आपण इतक्या जणांना विचारतो की त्यात काही विशेष वाटतच नाही. निम्मी बॅग लोकांच्या सामानाचीच असते आणि आपण कुरकुरत ती नेतो. हालिना मात्र नुसती बघत राहिली. असं तिला इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं...

तिचे ग्रीन कार्डचे पेपर्स अडकलेत. गेली तर परत येता येईल याची खात्री नाही. एच-वन व्हिसावाल्यांना यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. क्राकुफला तिची आई एकटी असते आणि सणाच्या संध्याकाळी लेकीचा फोन झाला की लवकर झोपून टाकते.

पार्सल पोस्टानेही जातं, पण हातात द्यायला माणूस जाणं वेगळं, असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली. बाहेर आली ती पिशवी घेऊनच. व्हिटॅमिनच्या बाटल्या, बदाम, जाड लोकरी मोजे आणि गुडघ्याला लावायचं मलम.

ते मलम बघितलं आणि मला रडूच फुटलं. माझ्या आईला मी दर वर्षी तेच न्यायचे हो... अगदी तीच निळी ट्यूब. हालिनाला आई गेल्याचं माहीत होतं. ती माझा हात धरून बसली.

मग तिने कॉलिंग कार्ड काढलं आणि स्पीकरवर आईला फोन लावला. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण पलीकडचा आवाज चढत गेला एवढं कळलं. हालिनाने मग सांगितलं, आजी चक्क रागावल्या होत्या. चोवीसला चौकात काय थंडीत कुडकुडत उभे राहणार? सरळ माझ्याकडे जेवायला या!

मी घाबरत घाबरत सांगितलं, आम्ही व्हेजिटेरियन आहोत. त्यावर दोघी मायलेकी हसल्या. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी मटण-चिकन शिजतच नाही, मासे तेवढे आम्ही सोडायचे. बीटाचं सूप, कोबी-मशरूमच्या उकडलेल्या करंज्या, खसखशीचा केक... अजून काय पाहिजे!

आणि शेवटी आजींनी एक सांगितलं. त्या दिवशी टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. दर वर्षी त्या मांडतात आणि रात्री तसंच कोरं उचलून ठेवतात.

आपल्याकडे ज्या घरी सण नसतो, तिथं शेजारपाजारचे फराळ आणून देतात. दिवाळीत इथल्या मैत्रिणींनी इतके डबे दिले की फ्रिज उघडता येईना. पण सणाचं ताट खालच्या मजल्यावरूनही येईल, तेही थेट क्राकुफला, असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. थँक यू हालिना... आणि डबेवाल्या मैत्रिणींनो, तुम्हालाही. तेव्हा म्हणायचं राहून गेलं होतं.

काल रात्री बॅग बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवली, तर वजन जास्त भरलं. मंदार दर वर्षीसारखाच वैतागला, दर वर्षीसारखेच माझे दोन स्वेटर बाहेर निघाले... आणि मी मात्र खुळ्यासारखी हसत उभी होते. यंदाही एका आईसाठी बॅग भरली होती.