पंच्याऐंशी टक्क्यांची अट

जागृतीला त्या आठवड्यात एक घास धड गिळवेना. वालीवला तिचा प्लास्टिकच्या झाकणांचा छोटा कारखाना, चौदा बायका हाताखाली, आणि ही बाई घटकाभर एका जागी बसेल तर शपथ. मशीनपाशी जायची, परत यायची, फोन उचलायची, तसाच ठेवून द्यायची. आणि हे सगळं कशापायी, तर स्वतःच्याच हाताने लिहिलेल्या एका ओळीपायी.

गॉडफ्रे सरांना जाऊन वर्ष होत आलं होतं. माणिकपूरच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं, पण त्यांची खरी शाळा संध्याकाळी घरी भरायची, दहावीला आपटलेल्या पोरांची. फी नाही, पाटी नाही. पोरांना लाज वाटू नये म्हणून सर वाडीकडचं मागचं दार उघडं ठेवायचे. केळीच्या रांगांमधून गुपचूप यायचं, पडवीत बसून गणितं सोडवायची, आल्या वाटेने निघून जायचं. कोण आलं नि कोण गेलं, शेजाऱ्यांना पत्ता नसायचा. चुकलं तर सर ओरडायचे नाहीत, नुसतं ‘परत कर’ म्हणायचे, आणि दहादा म्हणायचे. पोरांचं डोकं उठायचं, पण गणित सुटायचं.

त्या दाराने जागृती वर्षभर गेली. मार्चला नापास, ऑक्टोबरला परत नापास, पुढच्या मार्चला कशीबशी सुटली. लग्न जुळवताना बापाने ‘कावीळ झाली, वर्ष गेलं’ असं ठोकून दिलं आणि ती कावीळ हिने सासरी अठरा वर्षं जपली. नवऱ्याला, भावेशला, कधी कळू दिलं नाही. आणि मुलीला, पूर्वीला, तर उठताबसता ऐकवायची की आम्ही क्लासशिवाय पहिल्या फटक्यात पास झालो. पूर्वी यंदा दहावीला होती.

सरांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायची ठरली तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या कमिटीत जागृतीच पुढे. अर्ज तिनेच लिहून काढला आणि सरांच्या नावाला शोभलं पाहिजे म्हणून अट घातली, दहावीला किमान पंच्याऐंशी टक्के. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता काय म्हणावं या शहाणपणाला? ज्या माणसाने जन्मभर नापासांना हाताशी धरलं, त्याच्या नावाने हुशारांची आरती!

निवडलेले तीन अर्ज घेऊन ती सरांच्या बायकोकडे, मर्सीआंटीकडे गेली. आंटींनी चष्मा लावून सगळं वाचलं, पोरं गुणी आहेत म्हणाल्या, चहा दिला. मग अगदी साधेपणाने विचारलं, “जागृती, यातलं कोण आमच्या पडवीत आलं असतं गं?”

जागृतीने कप तसाच खाली ठेवला. घरी येऊन तिने नाकारलेल्या अर्जांचा गठ्ठा उपसला. त्यात कामणच्या जीनाचा अर्ज होता. मार्चला गणितात गेली, जुलैत सुटली, टक्के सेहेचाळीस. अट वाचूनही पोरीने अर्ज भरला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘मला गणित जमतं, वेळ लागतो.’ त्यावर लाल पेनाने फुली मारलेली, आणि ती फुली जागृतीचीच. तिला स्वतःचा इतका राग आला की तो कागद हातात धरवेना.

रविवारी कमिटी तिच्याच घरी जमली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये सरांच्या वर्षाचा मिस्सा, त्यानंतर शिष्यवृत्तीचा कार्यक्रम. जागृती म्हणाली, अट काढू या, जीनाला देऊ या. कमिटीचा सेक्रेटरी परेश तिच्याहून लहान, स्वभावाने सरळ, पण नियमाला चिकटून. पत्रिका छापायला गेली, पोरांना कळवलं, आता कुठल्या तोंडाने मागे फिरायचं, असं त्याचं म्हणणं. जागृतीने गरिबीचं कारण दिलं. गरिबांसाठी दुसऱ्या योजना आहेत, तो म्हणाला. तिने सरांचं मन सांगितलं. ते तुम्हाला कसं ठाऊक, असं त्याने विचारलं. भावेश सोफ्यावर बसून ऐकत होता. पूर्वी पोह्यांच्या बशा देत होती. आता गप्प बसलं की सुटलो, हे तिला पक्कं कळत होतं.

“अट तुम्हीच घातलीत ना, ताई?” परेश म्हणाला. “मग आता काय झालं?”

“मी दहावीला दोनदा नापास झालेय,” जागृती म्हणाली. “कावीळबिवीळ काही नव्हती. सरांनी मला पडवीत बसवलं नसतं तर तिसऱ्यांदाही झाले असते. माझी अट लावली असती तर सरांनी मलाच दारातून हाकललं असतं.”

परेशने खिशातून पेन काढलं आणि अर्जावरची अटीची ओळ खोडली. निवडलेल्या तिघांना मी समजावतो, एवढंच म्हणाला. भावेश बायकोकडे बघत राहिला, रागाने नव्हे, पण ओळख नसल्यासारखा.

पूर्वीने हातातली बशी टेबलावर ठेवली. तिचे डोळे भरले होते.

“आई,” ती म्हणाली, “चाचणीत मला गणितात अकरा पडलेत. महिना झाला. तुला सांगायची माझी हिंमतच झाली नाही.”