पिवळ्या नराचा रंग

दोन हजार सालच्या सुमारास मला फेजंट, म्हणजे कोंबडीच्या कुळातले लांब शेपटीचे रंगीत पक्षी, पाळायचं वेड लागलं. कुरुंदवाडच्या एका काकांकडे शोभेचे पक्षी असायचे. त्यांच्याकडून मी गोल्डन फेजंटची कोवळी जोडी आणली, तीही पिवळ्या जातीची. मूळ पक्ष्याच्या अंगावर जिथे लालभडक रंग असतो, तिथे या जातीचा नर हळदीसारखा पिवळा असतो. शाहूपुरीतल्या आमच्या गच्चीवर पिंजरा चढायच्या आधीच मी चार ठिकाणी फुशारकी मारून आलो होतो.

सहा-सात महिने झाले तरी दोघंही सारखेच मातकट. मित्र चेष्टा करायला लागले, "दोन्ही बायकाच आणल्यास की रं!" माझं डोकं फिरलं. रविवारी तडक कुरुंदवाड गाठलं. काकांच्या दारात गिऱ्हाइकं उभी होती, ती बघून मला आणखीच चेव आला.

"ए म्हाताऱ्या, माद्या गळ्यात मारतोस व्हय?" बापाच्या वयाच्या माणसाला मी अरेतुरे केलं.

"न्हाय ओ पावणं. नराला रंग दुसऱ्या वर्षी येतोय. जरा दमानं घ्या की."

"कुणाला शेंड्या लावतोस?" मी आणखी ओरडलो. गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. परतताना मला चक्क अभिमान वाटत होता, हे लिहितानाही लाज वाटते. पुढे कानावर आलं, काकांकडे आता कुणी फिरकत नाही, फसवतात म्हणे.

पुढच्या पावसाळ्याअखेर पिसं झडली आणि जोडीतल्या एकाला नवी आली ती पिवळीधमक. मानेवरची झालर एका अंगाला पसरून तो मादीला गोल गोल फिरून अडवायला लागला. मी त्याच दिवशी कुरुंदवाडला जाऊन चारचौघांत चूक कबूल करायला हवी होती. नाही गेलो. उलट बघायला येणाऱ्यांना सांगत सुटलो, "तो पक्षी बदलला. हा पुण्याहून आणलाय."

एकदा मित्रांना हेच सांगत होतो आणि जिन्याच्या तोंडाशी काका उभे. रंग आल्याचं कुणाकडून तरी कळलं म्हणून बघायला आले होते. माझं बोलणं त्यांनी ऐकलंच असणार. ते पिंजऱ्यापाशी गेले. नराच्या पायात त्यांनीच ओळखीसाठी घातलेली कडी होती. ती त्यांनी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"उन्हात नका ठिवू, पावणं. झाडीतलं पाखरू हाय, उन्हानं रंग उडतोय." एवढंच बोलून ते जिना उतरले.

"कोण रं हे?" मित्रानं विचारलं.

काकांची पावलं अजून जिन्यात वाजत होती. मी म्हणालो, "काय म्हाईत. असतील कुणीतरी."