भासऱ्यांची संशोधने आणि आमच्या गोळ्या

माझी शाळा बार्शीटाकळीला चौथीत संपली. म्हणून पुढे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले दिसले, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे वाटले, तर माफ करावे. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण ट्रंकेतला कागद कधी कोणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही, म्हणून माफी आधीच मागून ठेवते. डॉक्टर लोकांच्या अक्षरापेक्षा मात्र हे अक्षर बरे आहे.

माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, अमरावतीला वकील होते. आम्ही त्याच गल्लीत राहायचो. यजमान वलगावच्या शाळेत मास्तर, रोज सायकलने जाऊन येत. भासऱ्यांची वकिली बरी चाले, पण त्यांचे मन रमे ते आजारांत. तेही दुसऱ्यांच्या. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये एक इंग्रजी मासिक येई, त्यात जगभरच्या डॉक्टरांनी नवे काय शोधले ते असे. आपला भाग तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. आपला कारभार आता कुठून चालतो हे गल्लीत कोणाला नीट सांगता येत नव्हते, पण अमेरिकेतल्या उंदराला काय चारले आणि त्याचे काय झाले, हे दर रविवारी सगळ्यांना कळायचे.

एकदा निघाले, की सगळ्या दुखण्यांचे मूळ दातांत असते. भासऱ्यांच्या मुनशीचा गुडघा दुखत होता. मालकाचा शब्द म्हणून त्याने चांगल्या दाढा काढून घेतल्या. गुडघा दुखतच राहिला, फक्त तक्रार बोबडी झाली. पुढे कुठल्याशा अंकात आले, की दातांचा आणि गुडघ्याचा काही संबंध नाही. भासरे म्हणाले, "शास्त्र पुढे जात असतं." मुनशीच्या दाढा मागे राहिल्या.

मग तूप विष ठरले आणि डालड्याचा डबा आला. मग डालडा विष ठरला. शेवटी करडीचे तेल हृदयाला सर्वांत चांगले निघाले. माझ्या माहेरी जन्मभर करडीचेच तेल. आमच्या लग्नात पंगतीला बसून याच भासऱ्यांनी त्याला गाडीवानाचे तेल म्हटले होते. आता त्यांनी ते माझ्याच माहेराहून मागवले, आणि ते कसे खावे हेही मलाच शिकवले. सिगारेटीने छातीत कर्करोग होतो, हे संशोधनही त्याच मासिकात आले होते. ते तेवढे त्यांना पटले नाही. सिगारेट शिलगावत म्हणाले, "अजून कच्चं आहे."

मलाच शिकवले म्हणजे दाराला शिकवले. भासऱ्यांपुढे जायचे नाही, बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. ते ओसरीवर खुर्चीत बसत, मी आत दाराआड उभी. ते दाराकडे बघून म्हणत, "त्यांना सांगा, मीठ कमी करा." सांगायला मधे कोणीच नसे. दार हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. गप्प राहणे म्हणजे कबुली, असे त्यांनी धरले होते. वकील माणसाने असे धरावे याचे मला नवल वाटे.

अशात यजमानांना खोकला लागला. भासऱ्यांनी कारण म्हणून आधी पोट धरले, मग जीवनसत्त्व, मग सायकलच्या सीटचा कोन. खोकल्यात रक्त पडले तेव्हा मीच म्हटले, दवाखान्यात चला. छातीचा फोटो निघाला. क्षय.

डॉक्टर म्हणाले, आता घाबरायचे दिवस गेले, नवी औषधे आली आहेत. आधी सुया, मग गोळ्या नि पुड्या, दीड वर्ष. मधे सोडायच्या नाहीत. "मधेच सोडल्या तर जंतू शिरजोर होतात. मग हीच गोळी चालत नाही," असे त्यांनी यजमानांना सांगितले आणि माझ्याकडे बघून परत सांगितले.

सुया फार महाग होत्या. भासऱ्यांनी पैसे दिले, तेही ताबडतोब. ते खोटे बोलणार नाही. त्यांनी दिले नसते तर मी आज हे लिहीत नसते, किंवा पांढऱ्या कपाळाने लिहीत असते. पण पैशाबरोबर ते स्वतःही आले. सुया त्यांच्या म्हणून पथ्य त्यांचे. लसूण, मग लसूण नको. खिडकी उघडी, मग बंद. पाहुण्यांना आणून दाखवत, "हा बघा, माझ्या इलाजावर आहे."

सुया संपल्या. यजमानांचा चेहरा भरला, खोकला थांबला. गोळ्या-पुड्या सुरू झाल्या. आणि एका रविवारी भासरे मासिक घेऊन आले.

"नवं संशोधन आहे," ते ओसरीवरून म्हणाले. "जंतूंना औषधाची सवय लागते म्हणतात. सवय लागली की औषध वाया. तेव्हा माणूस बरा दिसला की औषध बंद. त्यांना सांगा, उद्यापासून गोळ्या नाहीत. मी पैसे देणार नाही."

म्हणजे डॉक्टर जे म्हणाले तेच मासिकात होते. यांनी ते उलटे वाचले होते.

दार गप्प राहिले.

ते गेल्यावर यजमानांनी पुडी बाजूला सारली. त्या पुड्यांनी त्यांना मळमळे, म्हणून सुटल्याचा आनंदही होता. म्हणाले, "दादा म्हणतात तर राहू दे ना. त्याइनंच तर वाचवलं मले."

लग्नाला सात-आठ वर्षे झाली होती, पण त्यांना मी असे कधी बोलले नव्हते.

"तुमी मेल्यावर मी दादाइले काय सांगू? मासिक बदला म्हनून?"

त्यांनी पाणी मागितले आणि पुडी तोंडात टाकली.

अमरावतीत औषध घेतले तर संध्याकाळपर्यंत भासऱ्यांना कळले असते. माझा भाऊ अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो तिथून आणून देऊ लागला. प्रश्न पैशाचा. मला शेवया चांगल्या जमत, हाताच्या, केसासारख्या. वकिलांच्या बायका घ्यायच्या. सर्वांत जास्त घेतल्या माझ्या जावेने, म्हणजे भासऱ्यांच्याच बायकोने.

एकदा मी म्हटले, "जाऊबाई, एवढ्या शेवया खाते तरी कोन?"

"तुझे भासरे," ती म्हणाली. "मीच सांगतलं, शेवयानं डोकं थंड राह्यते, असं कुठंसं छापून आलं. कुठं म्हनून इचारलं तर म्हटलं, मले इंग्रजी येते काय? तू वळ माय. गोळ्या चालू हायेत ना?"

मी मान हलवली. तिला कोणी सांगितले ते मी विचारले नाही.

दीड वर्ष झाले. शेवटचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. भासऱ्यांनी बाररूममध्ये पेढे वाटले आणि सांगितले, की भाऊ वाचला तो करडीच्या तेलाने आणि वेळेवर थांबवलेल्या औषधाने. एका वकिलाने म्हणे त्याच रात्री आपल्या क्षयाने आजारी मेव्हण्याला औषध थांबव म्हणून पत्र लिहायला घेतले. हे ऐकून मात्र मला राहवेना. यजमानांना त्या वकिलाकडे पाठवले. ते सगळे खरे सांगून आले, आणि येताना भासऱ्यांकडेही जाऊन तेच सांगितले.

भासरे तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले ते मासिकाशिवाय. खुर्चीत बसले आणि यजमानांना म्हणाले, "माझ्या शब्दाला किंमत नाही ना? मग सुयांचे पैसे तरी ठेवा."

चिडून म्हणाले होते. आम्ही मात्र ते खरे धरले. शेवया चालूच ठेवल्या. पापड घातले, मूगवड्या घातल्या. यजमानांनी दोन शिकवण्या धरल्या. थोडे थोडे करून देत गेलो. भासरे दर वेळी म्हणत, "काय घाई आहे," आणि घेत.

शेवटचा हप्ता दसऱ्याच्या आधी जमला. यजमान पैसे घेऊन निघाले तेव्हा मीही पदर डोक्यावर घेऊन मागोमाग गेले. ते ओसरीवर, मी जावेजवळ आत दाराशी. यजमानांनी नोटा पुढे ठेवल्या. भासऱ्यांनी त्या न बघताच उशीखाली सारल्या आणि म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. अजून थोडे राहिले असतील. राहू दे, पुढं बघू."

काही राहिले नव्हते. यजमान खाली मान घालून उभे. ते बोलणार नाहीत हे मला ठाऊक होते. आमच्याकडे थोडे राहिले, एवढे जरी भासऱ्यांना म्हणता आले, तरी पुढच्या दुखण्याला ते पुन्हा मासिक घेऊन ओसरीवर बसले असते.

"मोजून घ्या जी," मी म्हटले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. जावेने माझा हात धरला. भासऱ्यांनी दाराकडे बघितले, मग भावाकडे, मग उशीखालून नोटा काढल्या. अंगठा जिभेला लावून एकेक मोजली. एकदा चुकले, परत मोजल्या.

"पुरे आहेत," ते म्हणाले. "फिटले सगळे."